उठलेल्या माणसाची जागा

९ जानेवारी

बाबा, सलाम.

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण आधी हे एवढं वाचा. त्या गावाने तुम्हाला नकार दिलेला नाही. तीस वर्षांपूर्वीही नाही आणि आजही नाही.

आता फाडणार नाही तुम्ही. मी तुमचीच लेक आहे, अर्धवट गोष्ट आपल्या दोघांनाही पचत नाही.

(वहिनी, तू वाचून दाखवत असशील तर एक विनंती. बाबांना रुचणार नाहीत अशी वाक्यं गाळू नकोस. गाळायला बसलीस तर पत्रात फक्त 'सलाम' उरेल.)

मी इथे नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा तुम्ही दादाच्या तोंडून निरोप धाडलात की त्या गावाचं नाव या घरात निघणार नाही, आणि तिथे राहणारीचंही निघणार नाही. दोन वर्षं झाली त्याला. तुम्ही बोलला नाहीत, मीही लिहिलं नाही. हट्टीपणा मी काही आईकडून घेतलेला नाही. पण परवा बैठकीत जे झालं ते पोटात ठेवलं तर मला घास गिळवणार नाही.

सुरुवात मिशनच्या सेक्रेटरीसाहेबांच्या पत्राने झाली. माझा दवाखाना इथल्या सुताराच्या पडवीत चालतो. एका टोकाला त्याचा रंधा, दुसऱ्या टोकाला माझं टेबल. मलमात भुसा पडतो आणि त्याच्या फळ्यांना टिंचरचा वास येतो. रविवारी फळ्या भिंतीला लावून त्याच जागेत उपासना होते. साहेब लिहितात की पक्क्या दवाखान्याला मंजुरी मिळाली आहे, शेजारी प्रार्थनेची खोलीही होईल, पण मार्चअखेरपर्यंत गावाने जमीन दिली पाहिजे. नाहीतर दवाखाना उचलून हमरस्त्यावरच्या बाजारगावी नेणार, मलाही आणि औषधांच्या कपाटालाही. बाजारगाव नदीपलीकडे आहे. अडलेली बाई तिथवर पोहोचत नाही, बाबा. मी एकीला घेऊन निघाले होते, म्हणून सांगते.

तेव्हा मी इथल्या कारभाऱ्यांना बैठक बोलवायला सांगितलं. हे कारभारी म्हणजे गावातला शब्द ज्यांच्यापाशी थांबतो ते एक म्हातारे गृहस्थ. तुम्ही इथे पाळक होता तेव्हा तरणे होते, त्यांच्या मिशा तुम्हाला आठवतील. गाव गोल करून बसलं. प्रत्येक घरचं एक माणूस, मग ते आपल्या ख्रिस्ती मंडळीतलं असो वा नसो. कारभारी आणि सुतार यांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती आणि तिच्यावर एक चपटा दगड ठेवला होता. मी बापडी तिथेच टेकणार, तोच दोघा बायांनी पदराला धरून मला मागे ओढलं.

मी टेकडीखालचा माळ मागितला. सगळे गप्प झाले. माना खाली, नजर मातीत. ती शांतता तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं संपलं, आता मीही बापाच्या वाटेने सामान बांधायचं. मग कारभारी सावकाश म्हणाले, हा विषय नवा नाही, दवाखान्यासाठी हाच माळ मागून तुझ्या बापाने मांडलेला आहे आणि अजून त्याच्याचकडे आहे.

बाबा, या गावाची रीत अशी आहे. बैठकीतून जो मधेच उठतो तो विषय आपल्याबरोबर घेऊन जातो. त्याला विचार करायला वेळ हवा, असा त्याचा अर्थ. तो परत येऊन बसेपर्यंत त्या विषयावर कुणी अक्षर काढत नाही, बैठकीबाहेर तर नाहीच, आणि विचार करणाऱ्याला घाई करणं हा तर मोठा उर्मटपणा. त्याची जागा दगड ठेवून मोकळी राखायची आणि वाट बघायची. तुम्ही त्या दिवशी तरातरा उठलात. तुम्हाला वाटलं यांनी माना फिरवल्या. त्यांना वाटलं पाळकसाहेब विचार करायला गेले.

"अहो, पण तीस वर्षं?" मी म्हटलं.

"विषय मोठा होता," कारभारी म्हणाले.

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. आणखी एक गंमत ऐका. मी तुमच्या मनाविरुद्ध इथे आले आणि तुम्ही त्यापायी मला टाकलंत. गावाची समजूत अशी की मला तुम्हीच पाठवलंय, विचार अजून चालू आहे हे कळवायला.

तुमची,
धाकटी

४ फेब्रुवारी

बाबा, सलाम.

तुमचं उत्तर नाही. वहिनीचं कार्ड मात्र आलं. तुम्ही पहिल्याच पानावर 'पुरे' म्हणून भिंतीकडे तोंड केलंत आणि चहा झाल्यावर 'त्या दगडाचं काय म्हणत होती ती' असं विचारलंत म्हणे. आणि मग म्हणालात, ही सगळी मागाहून रचलेली कथा आहे, माणसं भोळी नसतात, बायको तेवढी भोळी होती.

ठीक आहे. तुम्ही जन्मभर पुरावा मागत आलात, तर घ्या पुरावा.

टेकडीखालच्या माळावर या तीस वर्षांत नांगर लागलेला नाही. मातीचा कस गावात सगळ्यात चांगला, पाणी जवळ, तरी नाही. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्याला तिथे पेरायचं होतं. गावाने त्याला सांगितलं, साहेबांचा विचार चालू आहे, तू डोंगरापलीकडची घे. त्याने घेतली. खडकाळ निघाली. तो अजूनही मला बघितलं की विचारतो, तुझ्या बापाचं कुठवर आलंय. मी आजवर समजत होते की तो तुमच्या तब्येतीची चौकशी करतोय, आणि दर वेळी सांगत होते, हळूहळू सुधारतंय.

आता दुसरं. तुम्ही मिशनला कळवलंत की या गावात एकही जीव प्रभूकडे वळला नाही. खरं होतं ते, तेव्हा. पण आई दुपारच्या वेळी बायांमधे बसून टोपल्या विणायला शिकायची आणि विणता विणता गाणी म्हणायची. टोपली तिला शेवटपर्यंत जमली नाही, त्यावरून अजून हसतात. गाणी मात्र राहिली. चाल त्यांनी स्वतःची लावली, शब्द आईचे. आपली गाडी गेल्यानंतरच्या वर्षी सुताराच्या आईने त्याला विचारलं, ज्याच्याबद्दल ती हसरी बाई गात होती तो आहे तरी कोण? सुतार बाजारगावच्या पाळकांकडे चालत गेला आणि विचारून आला. मग आणखी दोघे गेले. आज पडवीत रविवारी दाटीवाटीने बसावं लागतं. तुम्ही निघून गेलात, बाबा. प्रभू इथेच राहिला.

म्हणजे तुम्ही हरला नव्हता. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, वहिनी, मोठ्याने वाच.

पण जमिनीचं घोडं अडलेलंच आहे, कारण त्या दिवशी तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवलेला होता आणि त्याचं उत्तर यायचं बाकी आहे. तो कुणी विचारला होता ते आठवतंय? इथल्या सुईणीने. तेव्हा नवी सून होती. आज ती आणि मी मिळून बाळंतपणं करतो आणि दर वेळी आमचं भांडण होतं. तुमचा तेव्हा नियम होता की औषध हवं असेल त्याने आधी प्रार्थनेला बसायचं. तिने विचारलं होतं की माझा नवरा तुझ्या प्रार्थनेला बसायचा नाही, ताप मात्र त्यालाही येतो, त्याला तू आत घेशील का? तुम्हाला वाटलं बाई सौदा करतेय, प्रभूशिवाय नुसतं औषध मागतेय. तुम्ही छत्री उचललीत आणि उठलात.

तो नवरा अजून आहे. सगळा गाव त्याला आडमुठ्या म्हणतो, त्याच्या तोंडावर. अजून प्रार्थनेला बसत नाही, आणि ताप आला की त्याच्या कण्हण्याने अजून गावाची झोप उडते. मी त्याला औषध देते, बाबा. तुमचा नियम मी कधीच मोडलाय. पण माझं देणं म्हणजे तुमचं उत्तर नव्हे, असं ते म्हणतात.

मी दुसऱ्या बैठकीत म्हटलं, मी त्यांची लेक आहे, मी बसते त्यांच्या जागी. सुईण म्हणाली, "पोरी, तू तुझ्या जागी बस. बापाच्या जागी बसायला बाप मेलेला लागतो."

आता खरं सांगते. एका संध्याकाळपुरतं मी तुम्हाला मारलं. मनातल्या मनात. साहेब गेले एवढं सांगितलं असतं तर दगड बाजूला झाला असता, मी बसले असते, हो म्हणाले असते आणि दवाखाना वाचला असता. तुम्ही तरी दोन वर्षांपूर्वी मला मेलीच समजलात ना? फिटंफाट झाली असती. पण तुमच्यासाठी रडायचं सोंग करायचं म्हटलं आणि रडू खरंच आलं. मग नाही जमलं.

त्याऐवजी मी त्यांना दुसरंच काहीतरी सांगितलं. काय ते आज लिहीत नाही.

तुम्ही या. गुडघे धरले असतील तर खुर्चीत बसवून उचलून आणतील. एकदा येऊन बसा आणि काय वाटतं ते सांगा. नाही वाटलं तर नाही सांगा, पण बसून सांगा.

धाकटी

२३ फेब्रुवारी

बाबा, सलाम.

तुमचं पत्र मिळालं. दोन वर्षांत पहिलं, आणि त्यातही मला उद्देशून एक शब्द नाही. पण अक्षर तुमचं होतं, 'र' अजून तसाच पाय मोडल्यासारखा काढता. मी ते उशीखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत नेलं, कारण ते बैठकीलाच लिहिलेलं होतं.

वाचून दाखवलं: 'जमिनीबाबतचा माझा विचार संपला आहे. गावाने वाटेल तसं करावं. माझी हरकत नाही. मी येणार नाही.' खाली सही.

तुम्हाला वाटलं असेल, कटकट मिटली. मलाही वाटलं. मी तो कागद सगळ्यांकडे फिरवला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी जास्त वेळ हातात धरला. शेवटी कारभाऱ्यांनी तो तुमच्या जागेवर, त्या चपट्या दगडावर ठेवला आणि सगळे त्याच्याकडे बघत बसले.

आडमुठ्या म्हणाला, कागद बसतो का?

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि कागद भुर्रकन सुताराच्या मांडीवर. "उठला पण," आडमुठ्या म्हणाला. बाबा, सगळं गाव हसलं. कारभारी हसताना मी पहिल्यांदा पाहिले. मीही हसले आणि मग मला भीती वाटली, कारण मार्च तोंडावर आलाय आणि सेक्रेटरीसाहेबांनी औषधांचं कपाट न्यायला गाडी कधी पाठवायची ते विचारलंय.

सुईण मात्र हसत नव्हती. तिने मला पहिलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. 'विचार संपला आहे.' असंच लिहिलंय ना, तुझ्या मनाचं नाही ना? मी म्हटलं, त्यांच्याच हातचं आहे.

आणि मग बैठकीत एकदम कुजबुज सुरू झाली. तुमच्या लक्षात आलं का, तुम्ही काय करून बसलात? विचार चालू असलेल्या माणसाला घाई करायची नसते. पण विचार संपल्याचं तो स्वतः कळवतोय. म्हणजे आता त्याच्याकडे जाऊन बसलं तर तो उर्मटपणा होत नाही. कारभाऱ्यांनी विचारलं, तो का येत नाही? मी म्हटलं, म्हातारे झाले, गुडघे दुखतात. तुमचा राग मी गाळला. वहिनीच्या वळणावर गेले मी.

कारभारी म्हणाले, "बैठक काय मातीची असते? माणसांची असते. त्याला येता येत नाही, तर बैठक त्याच्याकडे जाईल."

होय. बरोबर वाचलंस, वहिनी. पुन्हा वाचायची गरज नाही.

मागच्या पत्रात लपवलं होतं तेही आता सांगून टाकते. मी त्यांना म्हटलं होतं की बाबा येणार आहेत, थंडी सरली की येतो म्हणालेत. सपशेल थाप. पाळकाची लेक आणि थाप, पण मारली. काल सुईणीला एकटीला गाठून कबूल केलं. ती म्हणाली, बाप येणार म्हणालीस, आता आम्ही जातोय, भेट तर होतेच आहे, तुझी थाप निम्मी खरी झाली.

धाकटी

८ मार्च

बाबा, सलाम.

येत्या रविवारी येतोय. लाकडाचा व्यापारी सुताराच्या ओळखीचा आहे, त्याचा ट्रक रिकामा परत जातो त्यातून येऊ. प्रत्येक घरचं एक माणूस. आडमुठ्याच्या घरचे दोघेही, कारण कुणी मागे राहायचं यावर त्यांचं एकमत झालं नाही.

वहिनी, स्वयंपाकाची धास्ती घेऊ नकोस, भाकरतुकडा आपापला आणतील. पाणी लागेल. दादाला सांग, खुर्च्या भाड्याने आणायच्या नाहीत आणि शेजाऱ्यांना काही भलतंसलतं सांगायचं नाही.

बाबा, पळून जायचं असेल तर शनिवारपर्यंत वेळ आहे. मी तुम्हाला ओळखते, तुम्ही पळणार नाही, दाराला कडी घालाल. घाला. ही माणसं तुमच्यासाठी तीस वर्षं थांबली आहेत, एका कडीने काय होतंय.

मिशनच्या गाडीची तारीख मी अजून कळवलेली नाही. कळवणारही नाही.

धाकटी

२ एप्रिल

प्रिय बाबा, सलाम.

तुमचं लांबलचक पत्र आलं आणि त्याच्यावर माझं नाव होतं. मी ते पडवीत सगळ्यांसमोर उघडलं आणि मग आत जाऊन एकटीने वाचलं. तुम्ही लिहिता की आत खोलीत बसून तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, त्याचीच भीती वाटली, तर बाहेर काय चाललं होतं ते सगळं लिही. लिहिते. असा हुकूम मला पुन्हा पुन्हा चालेल.

ट्रक तुमच्या गल्लीत वळेना, म्हणून कोपऱ्यावर उतरलो. दादाच्या अंगणात शिरलो तेव्हा तो बनियनवर उभा होता, त्याने आधी कारभाऱ्यांना नमस्कार केला आणि मग शर्ट आणायला पळाला. तुमच्या खोलीच्या दारासमोर गोल धरला. अंगण पुरेना तेव्हा फाटक उघडं ठेवून निम्मा गोल रस्त्यावर गेला. चपटा दगड सुताराने पोत्यात घालून आणला होता. तो तुमच्या उंबऱ्यापासून जवळच ठेवला. आणि सगळे बसले.

बस. एवढंच. तुम्हाला काही ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्याजोगं काही नव्हतंच. दादा तुमचं दार वाजवायला निघाला तर कारभाऱ्यांनी त्याला हाताने अडवलं. हाक मारून आणलेला माणूस बसत नाही म्हणाले, नुसता टेकतो.

शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून हळूच विचारते झाले, कोण गेलं? वहिनी म्हणाली, कुणी गेलं नाही हो, आलेत. मग वसाहतीचा चौकीदार काठी आपटत आला आणि मोर्चा आहे का म्हणून विचारू लागला. आडमुठ्याने त्याला सांगितलं, मोर्चा नाही, आम्हाला फक्त एक उत्तर हवंय. चौकीदार म्हणाला, मोर्च्यातही हेच सांगतात. पण बराच वेळ उभं राहून कुणी ओरडेना, तेव्हा तोही एका कडेला बसला.

ऊन डोक्यावर आलं. वहिनीने पाण्याची घागर फिरवली, स्वयंपाकघरात जाऊन रडली, तोंड धुऊन आली आणि बायांमधे येऊन बसली. दादाही बसला. तुमचा मुलगा जमिनीवर बसलेला मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. मला तर जमीन, मिशन, मार्च, काहीही सुचत नव्हतं. मी प्रार्थना करत होते ती फक्त त्या कडीसाठी. प्रभू, एवढी कडी. बाकीचं आम्ही बघतो.

आणि कडी वाजली.

तुम्ही काळा कोट घालून बाहेर आलात, एवढ्या उकाड्यात, उपासनेला निघाल्यासारखे. गोलभर नजर फिरवलीत. मला वाटलं आता रागावणार. कारभारी वाकले आणि त्यांनी दगड बाजूला घेतला. तुम्ही त्यांच्या खांद्याचा आधार घेत बसलात, टेकला नाहीत, बसलात, आणि मोकळी जागा मोकळी राहिली नाही. बाबा, त्या क्षणी मला इतका अभिमान वाटला की मी कोणाकडेच बघू शकले नाही.

सुईणीने प्रश्न विचारला. तिने त्यातला शब्द बदलला नाही, हे तुमच्याही ध्यानात आलं असेल.

"माझा नवरा तुझ्या प्रार्थनेला बसायचा नाही. ताप मात्र त्यालाही येतो. त्याला तू आत घेशील का?"

तुम्ही आधी तिच्याकडे नीट वळलात. मग म्हणालात, "त्या दिवशी मला वाटलं, तू मला अडवतेयस."

"मी विचारत होते."

"हो," तुम्ही म्हणालात. "आज ऐकू आलं. घेईन. आधी त्याला घेईन, प्रार्थना मागाहून."

आडमुठ्याने लगेच मान वर केली. "मागाहूनही मी बसणार नाही हं."

"नको बसू. ताप आला की ये."

मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी मान हलवली. शब्द तुमचा, हात माझे. कारभाऱ्यांनी विचारलं, कुणाला उठायचंय? कुणीही उठलं नाही. अंगणातलं नाही, रस्त्यावरचं नाही, चौकीदारसुद्धा नाही. आपल्याकडे हात वर करतात, टाळ्या वाजवतात. इथल्या रीतीत कुणी उठलं नाही म्हणजे झालं, टेकडीखालचा माळ दिला.

पुढचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. बैठक संपली की ज्याचा विषय असतो त्याने आधी उठायचं असतं, मग बाकीचे. सगळे तुमची वाट बघत होते आणि तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून म्हणालात, मला आता उठवत नाही. तुम्हाला ती रीत ठाऊक नव्हती, तुम्ही आपलं खरं तेच बोललात. कारभारी म्हणाले, मग बसू या. मग कोणीतरी आईचं गाणं सुरू केलं, त्यांच्या चालीवर. तुम्ही दुसऱ्या कडव्याला शब्द मिसळलेत, चुकीच्या सुरात, आणि त्यांनी सूर तुमच्या बाजूला थोडा वळवून घेतला. ट्रकवाला दोनदा भोंगा वाजवून गेला. उठायची कुणालाच घाई नव्हती.

आता इथली बातमी. सेक्रेटरीसाहेब मुदत संपण्याआधी स्वतः येऊन गेले. कागदावर अंगठे बघून म्हणाले, तीन महिन्यांत गाव कसं काय वळवलंत? मी म्हटलं, आधीपासून वळलेलंच होतं, आपणच पाठ करून उभे होतो. दवाखान्याचा पाया खणून झाला. मंडळीतले आणि मंडळीबाहेरचे सगळे खणायला होते. प्रार्थनेच्या खोलीचा पाया तर निम्मा आडमुठ्याने खणला. मी चिडवलं, तर म्हणाला, खणायचंच काम आहे ना, बसायचं कुठे आहे. डोंगरापलीकडच्या खडकात पेरणाऱ्या त्या धाकट्या भावाला गावाने माळाचा उरलेला तुकडा दिला. तो मला भेटला आणि म्हणाला, आलं एकदाचं तुझ्या बापाचं.

आणि तुमच्या पत्राची शेवटची ओळ. एवढ्या बारीक अक्षरात लिहिलीत की वहिनीपासून लपवायची असावी. 'तिथे एखाद्या म्हाताऱ्याचा काही उपयोग होईल का, तुला अडचण नसेल तर.' मी ती ओळ कितीदा वाचली ते सांगत नाही. पण हो म्हणायची मला एकटीला परवानगी नाही, इथे रीत आहे. काल तुमचा विषय बैठकीत मांडला. साहेब इथे राहायला येऊ म्हणतात, एवढंच सांगितलं.

सुईणीने विचारलं, भांडखोर आहे का अजून? मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, मग बरं, मला सोबत होईल. सुताराने विचारलं, रविवारी तेच बोलतील का, मला बोलायचं म्हटलं की घाम फुटतो.  कारभाऱ्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

कुणी उठलं नाही, बाबा.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला तुमची खोली धरली आहे. पाया आखून झाला. खिडकी टेकडीकडे ठेवायची की वाटेकडे, ते लवकर कळवा. गवंडी त्यासाठी खोळंबलाय.

तुमची धाकटी